जमिनीला लागलेले हात

भाचीच्या भूगोलाच्या वहीत ‘जोड्या लावा’ असा एक प्रश्न होता. डाव्या बाजूला वाळूची टेकडी, ‘यू’ आकाराची दरी, वली पर्वत आणि त्रिभुज प्रदेश. उजव्या बाजूला नदी, भूहालचाली, वारा आणि हिमनदी. पहिल्या तीन जोड्या तिने नीट लावल्या होत्या. त्रिभुज प्रदेशापासून मात्र उजवीकडच्या चारही शब्दांपर्यंत तिने पट्टीने आखून रेघा ओढल्या होत्या आणि त्या चारही रेघांवर मिळून लाल शाईची एक मोठी फुली होती. “अगं, एकच जोडायची असते ना?” मी विचारले. “मावशी, उत्तर आठवत नव्हते, म्हणून सगळीच जोडली. एक तरी बरोबर निघेल असे वाटले,” असे अगदी निर्विकारपणे सांगून ती खेळायला निघून गेली.

फुली योग्यच होती. प्रश्न विचारणाऱ्याला काय हवे आहे हे ओळखणे हाही शिक्षणाचा भाग असतो आणि त्रिभुज प्रदेश नदीच्या गाळाने तयार होतो हे कोणी नाकारणार नाही. तरीही रात्री कामे आवरून बसल्यावर त्या रेघा माझ्या डोळ्यांपुढून हलेनात, कारण मनातल्या मनात एकेक रेघ खोडायला गेले तेव्हा एकही खोडता येईना. शिलावरण, जलावरण, वातावरण आणि जीवावरण हे चार वेगवेगळे धडे म्हणून आपण शिकतो. एक धडा संपतो, मग दुसरा सुरू होतो, आणि प्रत्येकाच्या आकृतीला स्वतंत्र रंग असतो. तशी सोय केल्याशिवाय शिकवता येणार नाही, हे मान्य आहे. पण पायाखालच्या जमिनीचा एखादा तुकडा उचलून तो नेमका कोणत्या धड्यातला, असे विचारले की उत्तर देणे अवघड होऊन बसते.

गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांचाच त्रिभुज प्रदेश घ्या. या दोन नद्या मिळून वर्षाला सुमारे एक अब्ज टन गाळ खाली आणतात. तो गाळ मुळात उंचावर आला कसा, असे विचारले की भूपट्टांच्या टकरीपाशी जावे लागते. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी सुरू झालेली ती टक्कर अजून थांबलेली नाही. भारताचा भूपट्ट आजही वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आहे. वर आलेला खडक दळण्याचे काम हिमनद्या करतात. त्यांच्या तळाशी अडकलेले दगड खालच्या कातळाला इतके घासतात की हिमनदीतून बाहेर पडणारे पाणी दगडाच्या पिठाने दुधाळ दिसते. उतारावरची माती सैल करणारा पाऊस वारे समुद्रावरून आणतात आणि त्या वाऱ्यांच्या वाटेत आडवा येऊन त्यांना वर चढायला, थंड व्हायला आणि बरसायला लावतो तो पुन्हा हिमालयच. एवढे सगळे झाल्यावर मग नदीचा क्रमांक लागतो. आणि मुखाशी पोहोचलेला चिखल भरती-ओहोटीत वाहून न जाता काही काळ तरी जागेवर राहतो, तो खारफुटीच्या मुळांमुळे. जीवावरणाचा तर त्या प्रश्नात पर्यायच दिलेला नव्हता.

भूहालचालींच्या रेघेविषयी तर मला अधिकच सांगावेसे वाटते. १५ ऑगस्ट १९५० च्या संध्याकाळी आसाम आणि तिबेट यांच्या सीमेवर ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. जमीन हादरली ती काही मिनिटे, पण त्या मिनिटांत डोंगरांच्या उतारांवरून जे निखळले ते नद्यांत जाऊन पडले. सुबनसिरीसारख्या उपनद्या दरडींनी अडल्या आणि ते बांध फुटल्यावर खाली प्रलय झाला. दिब्रुगढजवळ ब्रह्मपुत्रेचे पात्रच भरून वर आले आणि ज्या शहराला नदी पूर्वी खाली वाटत असे, त्याला ती डोक्याशी येऊन बसल्यासारखी झाली. बारीक गाळ तुलनेने लवकर समुद्राकडे गेला. जाड वाळू मात्र कित्येक दशके टप्प्याटप्प्याने खाली सरकत राहिली आणि जिथे जिथे पोहोचली तिथे पात्र रुंदावत, किनारे खात, बेटे घालत आणि मोडत गेली. भूकंपाचा दिवस आपण दिनदर्शिकेत एका चौकटीत लिहितो. नदीच्या लेखी तो भूकंप पुढची कित्येक वर्षे चालूच होता.

आणि तो गाळ किनाऱ्याशीही थांबत नाही. बंगालच्या उपसागराच्या तळावर, श्रीलंकेच्याही दक्षिणेपर्यंत, सुमारे तीन हजार किलोमीटर लांबीचा गाळाचा पंखा पसरलेला आहे आणि काही ठिकाणी त्याची जाडी सोळा किलोमीटरच्या आसपास आहे. एव्हरेस्ट समुद्रसपाटीपासून नऊ किलोमीटरही उंच नाही. म्हणजे आज जो पर्वत आपण पाहतो, त्याहून कितीतरी अधिक पर्वत आधीच समुद्रात जाऊन निजला आहे.

हा आकडा वाचला तेव्हा मला एक जुनी रात्र आठवली. पावसाळ्याच्या दिवसांत हिमालयातल्या एका नदीकाठच्या लहानशा खोलीत आम्ही मुक्कामाला होतो. पाऊस थांबला होता, आकाश बऱ्यापैकी मोकळे होते, तरी अधूनमधून गडगडल्यासारखा दबका आवाज येत होता. आवाज कानांपेक्षा खाटेच्या पायांतून अधिक येत होता. हाताचा तळवा भिंतीला लावला की तो तिथेही लागे. ओल्या मातीचा आणि चिरडलेल्या पाल्याचा वास खोलीभर होता. वीज कुठे पडते आहे, असे मी घरमालकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “वीज नाही, दगड चालले आहेत.” पुराच्या पाण्याखाली नदीच्या तळावरून मोठाले धोंडे घरंगळत होते आणि एकमेकांवर आदळत होते. पुढे वाचनात आले की नेपाळमध्ये त्रिशूली नदीकाठच्या भूकंपमापकांवरही असाच आवाज उमटतो. भूकंप नोंदवण्यासाठी मांडलेली यंत्रे पावसाळ्यात नदीची कुजबुज, खरे तर तिचा दंगाच, टिपत राहतात आणि त्या नोंदींवरून तळावरून दगडांची किती वाहतूक चालली आहे याचा अंदाज बांधता येतो. त्या रात्री मी भ्याले होते, हेही सांगितले पाहिजे. नदी पाण्याची असते, ही समजूत अंधारात अशी मोडणे फारसे सुखाचे नसते.

इतका दगड वाहून गेल्यावर डोंगर खुजा व्हायला हवा, असे आपल्याला साहजिकच वाटते. इथे एक जुनी, काहीशी विनोदी वाटावी अशी हकीकत आहे. एकोणिसाव्या शतकात सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या देखरेखीखाली झालेल्या भारताच्या मोजणीत कालियाना आणि कल्याणपूर या दोन ठिकाणांमधले अंतर दोन पद्धतींनी काढले गेले, एकदा साखळीने आणि कोन मोजून, एकदा ओळंब्याने उभी दिशा ठरवून ताऱ्यांच्या आधारे. उत्तरांत ५.२३६ कोनीय सेकंदांचा (कोनीय सेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग) फरक आला. कलकत्त्याचे धर्मोपदेशक आणि गणिती जॉन प्रॅट यांनी विचार केला की उत्तरेकडच्या हिमालयाचे वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार. मग त्यांनी त्या ओढीचे गणित केले आणि भलतेच उत्तर आले: फरक १५.८८५ सेकंद, म्हणजे जवळपास तिप्पट, पडायला हवा होता. ओळंबा पुरेसा ढळलाच नव्हता. पर्वत दिसत होता तेवढा भरत नव्हता. १८५५ साली इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी त्याचे स्पष्टीकरण सुचवले, ते असे की पर्वताच्या खाली हलक्या खडकाचे खोल मूळ असते आणि ते खालच्या जड थरात बुडून पर्वताला तोलून धरते.

यातून जे निष्पन्न होते ते मला आजही पचायला जड जाते. होडीतले ओझे उतरवले की होडी पाण्यात थोडी वर येते, तसा डोंगर झिजला की तो खालून वर उचलला जातो. एखाद्या विस्तीर्ण प्रदेशावरून हजार मीटर जाडीचा थर झिजून गेला, तर कालांतराने खालून सुमारे आठशे मीटर वर येते. त्यातही झीज दऱ्यांत अधिक आणि शिखरांवर कमी झाली, तर सरासरी उंची घटत असतानाच शिखरे मात्र पूर्वीपेक्षा उंच होऊ शकतात. म्हणजे पर्वत उभारण्यात पावसाचाही वाटा आहे. ज्या पाण्याने तो पाडायचा, तेच पाणी त्याला हलका करून वर येऊ देते. याला विनाश म्हणावे की घडण, हा प्रश्नच मुळात आपल्या सोयीचा असावा.

ओझे उतरल्यावर जमीन वर येते हे माणसांनी डोळ्यांनी पाहिले, पण ओळखले मात्र फार उशिरा. स्वीडनच्या किनाऱ्यावर पूर्वी सील पकडणारे लोक पाण्यालगतच्या शिळांवर नजर ठेवून असत, कारण सील तिथे विसाव्याला येत. अशा शिळांची मालकी असे, त्यांच्यावर कर बसे, त्यांचे खरेदी-विक्रीचे कागद होत. पिढ्यांमागून पिढ्या त्या शिळा पाण्याच्या इतक्या वर येत गेल्या की सीलांना त्यांच्यावर चढता येईना आणि त्यांची किंमत गेली. तापमानाच्या मापनामुळे ज्यांचे नाव आपल्या तोंडी असते त्या अँडर्स सेल्सिअस यांनी असले जुने कागद वाचून १७३१ साली येव्हले शहराजवळच्या लेव्हग्रुंड बेटावर एका शिळेवर पाण्याची पातळी कोरून ठेवली. त्यांचा समज असा की समुद्राचे पाणी कमी होत चालले आहे. खरे तर जमीन वर येत होती. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तिथला जवळपास तीन किलोमीटर जाडीचा बर्फ वितळून गेला होता आणि त्या ओझ्याखाली दबलेला भाग अजूनही सावकाश उठतो आहे. स्वीडन आणि फिनलंड यांच्या मधल्या बोथनियाच्या आखाताच्या उत्तर भागात हा वेग वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर आहे. फिनलंडच्या बाजूला क्वार्केन बेटसमूहात दरवर्षी सुमारे एक चौरस किलोमीटर नवी जमीन पाण्याबाहेर येते. बंदरे उथळ होतात, नावा लावायच्या जागा सरकवाव्या लागतात, खाडीचे तळे होते आणि तळ्याची दलदल. नवी जमीन कोणाची, हा प्रश्नही ओघाने येतोच.

बर्फाला हजारो वर्षे लागली, म्हणून हे सगळे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे समजून मी निश्चिंत होते. पण ॲमेझॉनच्या काठी मनौस येथे बसवलेल्या उपग्रहाधारित स्थानमापकाने ती निश्चिंतीही घालवली. नदीला पूर येतो आणि आजूबाजूचे अरण्य पाण्याखाली जाते, तेव्हा त्या पाण्याच्या वजनाने तिथली जमीन पाच ते साडेसात सेंटिमीटर खाली बसते. पाणी ओसरले की पुन्हा वर येते. दरवर्षी. नेपाळमध्येही पावसाळ्यात गंगेच्या मैदानावर साठणाऱ्या पाण्याचा भार डोंगराच्या पायथ्याशी दाब बदलतो आणि तिथले लहान भूकंप पावसाळ्यापेक्षा हिवाळ्यात अधिक होतात, असे नोंदींतून दिसले आहे. पावसाने मोठे भूकंप होतात किंवा टळतात असा याचा अर्थ नाही. ते बळ वेगळेच आहे आणि शतकानुशतके साठत असते. तरीही ज्या जमिनीला आपण ‘स्थावर’ मालमत्तेत गणतो, ती एका मोसमाच्या पावसाने दबते आणि उठते, हे कळल्यावर घराच्या फरशीवर अनवाणी उभे राहताना क्षणभर काहीतरी वेगळे वाटते.

सजीवांचा भाग मी मागे टाकला, तो मला त्याच्याविषयी सर्वांत अधिक बोलायचे आहे म्हणून. नागमोडी वळणे घेत जाणारी नदी हे नदीचे स्वाभाविक रूप आहे असे आपण धरून चालतो. लहान मूलही नदी काढताना तशीच काढते. पृथ्वीच्या इतिहासाचा बहुतेक काळ जमिनीवर झाडे नव्हती आणि त्या काळातल्या नद्यांनी मागे ठेवलेले खडक पाहिले तर बहुसंख्य नद्या रुंद, उथळ, अनेक प्रवाहांत विस्कटलेल्या असाव्यात असे दिसते. काठ धरून ठेवायला मुळे नव्हती. सुमारे पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वीपासून वनस्पती जमिनीवर पसरू लागल्या, तसा नद्यांच्या खडकांत चिखलाचा वाटा कितीतरी पटींनी वाढला आणि वळणदार नद्यांच्या खुणा ठळक होत गेल्या. चिखल जमिनीवर टिकू लागला. पूरमैदान नावाची गोष्ट, ज्यावर पुढे शेती झाली आणि गावे वसली, ती आजच्या रूपाला येण्यात त्या पहिल्या, घोट्याएवढ्याही नसलेल्या हिरव्या रोपट्यांचा हात आहे. कातळावर दगडफूल चिकटते, त्याच्या आम्लाने दगडाचे कण सुटतात, भेगेत मूळ शिरते आणि फुगते. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सौम्य आम्ल होऊन खडक खातो, आणि मुळांच्या श्वसनामुळे मातीत तो वायू हवेपेक्षा अधिक असल्याने हे काम आणखी वेगाने होते. अशा रीतीने हवेतला कार्बन खडकातल्या कॅल्शियमसोबत समुद्रात जातो, शंख-शिंपल्यांत बांधला जातो, तळाशी चुनखडक होतो आणि त्यातला काही कोट्यवधी वर्षांनी ज्वालामुखीतून हवेत परततो. या फेऱ्यात दगड कुठे संपला आणि प्राणी कुठे सुरू झाला, हे सांगायला मला तरी जमणार नाही.

चार्ल्स डार्विन यांनी तर यासाठी गांडुळांची साक्ष काढली होती. १८४२ साली त्यांच्या घराजवळच्या एका शेतावर खडूचे तुकडे पसरण्यात आले. १८७१ साली, एकोणतीस वर्षांनी, त्यांनी तिथे चर खणून पाहिला, तेव्हा पांढऱ्या तुकड्यांची ओळ सुमारे अठरा सेंटिमीटर खोल सापडली. तुकडे कोणी पुरले नव्हते. गांडुळांनी खालची माती विष्ठेच्या रूपाने वर आणून आणून त्यांना झाकले होते. त्या वेळी काही विद्वानांनी एवढ्याशा जीवाला एवढे मोठे श्रेय देण्याची थट्टा केली. मला मात्र त्या माणसाच्या धीराचे अप्रूप वाटते, आणि थोडा हेवाही. आपण लावलेली खूण एकोणतीस वर्षांनी खणून पाहायची असते, असे धरून कोण जगतो?

वाऱ्याच्या धड्यात वाळूच्या टेकड्या असतात. पण वारा एका खंडाची जमीन दुसऱ्या खंडाच्या अरण्याला पोहोचवतो, हे तिथे क्वचितच असते. चाड देशात बोदेले नावाचा खोलगट प्रदेश आहे. कधीकाळी तिथे एका अतिप्रचंड सरोवराचे पाणी होते आणि त्यात सूक्ष्म डायॅटम शैवाले वाढत. सरोवर आटले आणि त्यांच्या कवचांची पांढरी भुकटी उरली. तिबेस्ती आणि एनेदी या उंचवट्यांच्या मधल्या फटीतून येणारा वारा तिथे जोर धरतो आणि ती भुकटी उचलतो. सहारातून अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडणाऱ्या धुळीबरोबर वर्षाला सुमारे बावीस हजार टन फॉस्फरस येतो, असा उपग्रहांच्या निरीक्षणांवर आधारलेला अंदाज आहे. पावसाने आणि पुराने तिथल्या मातीतून जितका फॉस्फरस वाहून जातो, साधारण तितकाच हा आहे. तिबेस्तीचे डोंगर ज्वालामुखींनी उभारलेले आहेत. म्हणजे ज्वालामुखीने वाऱ्याची वाट अरुंद केली, हवामान बदलून सरोवर आटले, मेलेल्या शैवालांची धूळ झाली आणि समुद्रापलीकडच्या झाडांना ती पोसते आहे. ही हकीकत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला निखळ आनंद झाला होता. नंतर लक्षात आले की एखाद्या सरोवराच्या मरणावर आपण आनंदतो आहोत, आणि त्या काठी राहणाऱ्या माणसांना ते मरण तसे वाटले नसणार.

अशीच कुचंबणा मिसिसिपीच्या मुखाशी होते. १९२७ च्या महापुरानंतर त्या नदीला दोन्ही बाजूंनी भक्कम बांधांत बसवण्यात आले. वरच्या अंगाला, विशेषतः मिसुरी या उपनदीवर, धरणे झाली आणि गाळ जवळपास निम्म्यावर आला. जो उरला, तो बांधांमुळे पाणथळीत न पसरता थेट खोल समुद्रात जाऊ लागला. त्रिभुज प्रदेशाची जमीन स्वतःच्या वजनाने सतत खचत असते आणि दर पुराचा नवा थर ती खचण भरून काढत असतो. थर येणे थांबले, खचणे थांबले नाही. खनिज तेलासाठी खोदलेल्या कालव्यांतून खारे पाणी आत शिरले, गवत मेले, मुळे कुजली आणि मुळांनी धरलेला चिखल सुटला. १९३० च्या दशकापासून नदीच्या मुखाशी असलेल्या लुइझियाना राज्याचा सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर किनारी प्रदेश पाण्याखाली गेला आहे. पुरापासून माणसे वाचावीत म्हणून बांध घातले, यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. बांध नसते तर काय झाले असते, हे १९२७ ने दाखवलेच होते.

उपाय म्हणून बांधाला जाणूनबुजून दार ठेवावे, नदीचे गढूळ पाणी बाराटारियाच्या पाणथळीत सोडावे आणि नदीलाच नवी जमीन घालू द्यावी, अशी सुमारे तीन अब्ज डॉलर खर्चाची योजना आखली गेली. २०२३ मध्ये कामही सुरू झाले. भूगोलाच्या दृष्टीने त्याहून सरळ काही सुचणे कठीण आहे. पण दरम्यानच्या काळात त्या खाऱ्या झालेल्या पाण्यात ऑयस्टर नावाचे शिंपले आणि कोळंबी यांवर जगणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली होती. गोडे पाणी आले की त्यांचा धंदा बुडणार होता आणि डॉल्फिनही मरणार होते. विरोध झाला, खटले झाले, खर्चावरून वाद झाले, आणि जुलै २०२५ मध्ये राज्याने ती योजना रद्द केली. मी दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचले आहे. वाचताना आधी एका बाजूने मान हलते, मग दुसऱ्या, आणि शेवटी माझे मत ठरत नाही. ऑयस्टर काढणाऱ्याला त्याच्या उभ्या आयुष्यात ते पाणी खारेच दिसलेले आहे. त्याच्या घराखालची जमीन मात्र त्याच नदीने, गोड्या पाण्यातून आणलेल्या चिखलाची घातलेली आहे आणि ती दरवर्षी थोडी थोडी खाली जाते आहे.